साखळीचं मागचं टोक : एका कुमार-कादंबरीच्या कामाच्या नोंदी

मराठीत कुमारांसाठी अद्भुत कादंबरी, आणि तीही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सरहद्दीवर घडणारी, असा उपद्व्याप आणखी कुणी करणार असेल तर त्याच्यासाठी या नोंदी. मी लिंकन, नेब्रास्का इथे नोकरी करते, माहेर सातारा जिल्ह्यातलं. लिहिण्याचा वेळ पहाटे साडेपाच ते सात, शिवाय शनिवार. यातल्या चुका खऱ्या आहेत. वाया गेलेले आठवडेही खरे.

६ जानेवारी

कल्पना एका ओळीत लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली: मोजलेली जमीन मुकी होते.

खऱ्या इतिहासात १७८५ साली अमेरिकन सरकारने जमीन मोजून विकायचा कायदा केला. त्याच वर्षी ओहायो नदीच्या काठावरून थॉमस हचिन्सने मोजणी सुरू केली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन, त्याचे छत्तीस खंड, प्रत्येक खंड एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. हे जाळं पुढे शंभरेक वर्षं पश्चिमेकडे सरकत राहिलं. माझ्या इतिहासात एवढाच फरक, की जिथे मोजणीची साखळी पडली तिथली जादू त्याच दिवशी संपली. म्हणून पूर्वेकडे सगळी शेतं मुकी आणि पश्चिमेला अजून बोलणारी जमीन. सरहद्द म्हणजे साखळी जिथवर पोचली ती रेघ.

साल १८५७, जागा नेब्रास्कातली प्लॅट नदी. नायिका हॅना, वय पंधरा. बाप कंत्राटी मोजणीदार, मैलामागे पैसे मिळणारा. साखळी ओढायला दोन माणसं लागतात, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. मागचा माणूस तापाने पडतो आणि ते टोक हॅनाच्या हातात येतं.

१९ जानेवारी

रोज सातशे शब्द. झकास चाललंय. (हे वाक्य मुद्दाम खोडत नाही.)

स्थानिक जमातींचं काय करायचं हा प्रश्न होता. आपल्याला त्यातलं काही कळत नाही, चुकीचं लिहून कुणाला दुखवण्यापेक्षा त्यांना आणूच नये, असं ठरवलं. पर्यायी इतिहास हाताशी आहेच: या जगात त्या जमातींचे पूर्वज आशियातून अमेरिकेत पोचलेच नाहीत, पश्चिमेला फक्त जादूचे प्राणी. किती सुटसुटीत, असं वाटलं.

११ फेब्रुवारी

गाडी चालवताना फोनला मजकूर सांगून लिहून घ्यायचा प्रयोग. फोन दर वेळी ‘साखळी’चं ‘सकाळी’ करतो. ‘हॅनाने सकाळी ओढली, सकाळी ताणली, सकाळी चिखलात पडली.’ नऊ हजार शब्दांत हेच. एका फटक्यात सगळे ‘सकाळी’ बदलले, तर ‘दुसऱ्या दिवशी साखळी ते निघाले’ झालं. हाताने दुरुस्त करायला चार पहाटा गेल्या. सांगून लिहायचंच असेल तर मुख्य वस्तूचा शब्द आधी फोनकडून तपासून घ्या.

३ मार्च

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई ओमाहा जमातीची. तिला जेवणाच्या सुट्टीत गोष्ट सांगितली. साखळीची कल्पना तिला फार आवडली. दोनतीन प्रश्न विचारले, मग डबा बंद करत म्हणाली, “म्हणजे तुझ्या गोष्टीत आम्ही जन्मलोच नाही?”

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी वाद तरी घातला असता.

५ मार्च

दोन दिवस खुलासे शोधले. एकही टिकला नाही. माझी आजी कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव शेवटपर्यंत पत्ता सांगितल्यासारखं सांगायची. सरकारी कागदावर जमीन ‘पडीक’ लिहिली म्हणून तिथे कुणी गुरं चारत नव्हतं असं होत नाही, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. तरी मी इथे येऊन अख्खं खंड पडीक लिहून मोकळी झाले.

शिवाय गोष्ट म्हणूनही ती लंगडी होती. जमीन मुकी झाल्याचं दुःख कुणाला? तिच्याशी बोलणारं कुणी आधीपासून असेल तरच ना.

३८ हजार शब्द बाजूला काढले. फोल्डरला नाव दिलं ‘पडीक’. सात-आठ आठवड्यांचं काम.

१२ मार्च

नव्याने पाया. प्लॅटच्या परिसरात १८५७ मध्ये कोण होतं? पॉनी लोक. मातीची मोठी गोल घरं, मक्याची शेती, वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, बायसनच्या शिकारीला अख्खं गाव बाहेर. घर आणि शेत बायकांचं. प्लॅटच्या दक्षिणेची जमीन त्यांनी १८३३ च्या तहात सोडली होती. उत्तरेची सुटली २४ सप्टेंबर १८५७ च्या तहात, बदल्यात लूप नदीवर तीस मैल बाय पंधरा मैलांचा तुकडा. पुढे १८७० च्या दशकात तोही गेला आणि त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं.

म्हणजे माझी गोष्ट १८५७ च्या उन्हाळ्यात घडली, तर हॅनाच्या बापाची साखळी नदीच्या उत्तरेला पडणं हाच मुळात आगाऊपणा. तह व्हायचाय आणि हा मोजतोय! पहिल्या मसुद्यात दोन महिने शोधून न सापडलेला संघर्ष तारखांच्या यादीत पडून होता.

चूक क्रमांक दोनही इथेच केली. पॉनींच्या ताऱ्यांविषयीच्या विधींबद्दल वाचलं आणि ते ‘जादू’ म्हणून उचलून दोन प्रकरणं लिहिली. ऑफिसातल्या शेजारणीला विचारायच्या आधीच पोटात गोळा आला. आमच्या गावच्या देवाचा गोंधळ कुणी असा ‘शक्तिवर्धक मंत्र’ म्हणून वापरला तर? काढून टाकलं. आता नियम असा: माझ्या पुस्तकातली जादू जमिनीची आहे, कुठल्या लोकांच्या पूजेची नाही. पॉनी पात्रं शेती करतात, सौदा करतात, चिडतात, थट्टा करतात. जमिनीशी कसं बोलतात हे हॅनाला कळत नाही, म्हणून वाचकालाही सांगत नाही.

१७ मार्च

अण्णांना फोन. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त भूकरमापक. तेहेतीस फुटी साखळी, सोळा कड्या, एक कडी म्हणजे एक आणा, आणि तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे गुंठा, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. हॅनाची साखळी सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. म्हणजे आमच्या साखळीच्या नेमकी दुप्पट, आणि तिचा चौरस म्हणजे चार गुंठे. ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल. हे ऐकून अण्णा एवढे खूश झाले की चहा गार झाला म्हणून आईने मागून हाक मारली.

मी म्हटलं, अण्णा, माझ्या गोष्टीतल्या जादूला काहीतरी किंमत हवी. वापरली की काहीतरी झिजलं पाहिजे. नाहीतर मुलं विचारतात की मग त्यांनी पहिल्याच पानावर जादू का नाही केली.

“अगं, साखळीच झिजते की,” अण्णा म्हणाले. “साखळी म्हातारी झाली की लांबते. माणसाच्या उलटं.”

मग त्यांनी हिशेब सांगितला. शंभर कड्यांच्या साखळीत कडी कडीला घासणाऱ्या जागा सहाशेच्या वर. प्रत्येक जागी इंचाचा शंभरावा भाग झिजला तरी साखळी सहा इंच लांब होते. मैलाला ऐंशी वेळा ती टाकायची, म्हणजे मैलामागे चाळीस फूट. कागदावर एक मैल, जमिनीवर एक मैल चाळीस फूट. “आणि ते चाळीस फूट शेवटच्या माणसाच्या वाट्यातून जातात. बांध कोरायला कुदळच लागते असं नाही.”

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य जसंच्या तसं खलनायकाला दिलं. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक. मी १६० एकरांचा पाव खंड, एकराला सव्वा डॉलर, म्हणजे दोनशे डॉलरला मिळायचा असं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “सीलिंगमध्ये गेली असती.” आपल्याकडे कोरडवाहूलाही मर्यादा ५४ एकरांची.

२० एप्रिल

शनिवार. लिंकनच्या दक्षिणेला बिअ‍ॅट्रिसजवळ होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, तिथे गेलो. प्रवेश फुकट. कसणाऱ्याला सरकारी जमीन फुकट देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली डॅनियल फ्रीमनने मागितलेली ती जमीन. माझ्या गोष्टीनंतरचा काळ, पण तिथे जवळपास शंभर एकर मूळचं उंच गवताळ माळरान पुन्हा वाढवलेलं आहे, म्हणून.

मी लिहिलेल्या पहिल्या प्रकरणात, एप्रिलच्या शेवटी, हॅना डोक्याएवढ्या गवतात हरवते. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये गवत माझ्या घोट्याएवढं. तिथल्या रेंजरबाईंनी हसू दाबत सांगितलं, डोक्याएवढं पाहायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात या.

पहिलं प्रकरण गेलं. पण बसून गवताच्या बुडाशी बोटं घातली तर ती आत जाईनात. मुळं इतकी दाट विणलेली. पुढे लोक याच मातीचे मुळांसकट लादीसारखे तुकडे कापून घरं बांधत होते, ते वाचून कळलं नव्हतं, हाताला कळलं. नवं पहिलं प्रकरण हॅनाच्या नखांतल्या मातीपासून सुरू होतं.

पेट्रोल आणि जेवण मिळून ४१ डॉलर.

४ मे

साखळी ओढून पाहायची ठरवलं. सहासष्ट फूट नायलॉनची दोरी, १४ डॉलर. दर दहा कड्यांच्या अंतरावर चिंधी बांधली. खऱ्या साखळीत तिथे पितळी बिल्ले असतात, दहाला एक दात, वीसला दोन, असं चाळिसापर्यंत, आणि मधोमध पन्नासला गोल बिल्ला. बिल्ले हाताला न पाहता लागावेत म्हणून. खुणेसाठी अकरा मेखा, त्या तंबूच्या वापरल्या.

गावाबाहेर इथे दर मैलाला कच्चा रस्ता आहे, तेच जुन्या मोजणीचं जाळं. अर्धा मैल मोजायचा, म्हणजे चाळीस साखळ्या. नवरा पुढे, मी मागे. पुढचा मेख रोवून “रोव!” असं नाही, “रोवली!” असं ओरडतो, हे ठरवण्यातच दहा मिनिटं. (इंग्रजीत दोघांचे दोन पुकारे होते. मी मराठीत मागचीने “रोव” आणि पुढच्याने “रोवली” असं ठेवलं. मोठ्याने ओरडून पाहा, वाऱ्यात फक्त शेवटचा स्वर पोचतो आणि तो वेगळा असणं फार उपयोगी पडतं.)

काय काय चुकलं: नायलॉन ताणतं. नवऱ्याने जोर लावला की दोरी हातभर वाढायची. सतराव्या साखळीला मेखांचा हिशेब चुकला, परत आलो. दोन तास दहा मिनिटांनी अर्धा मैल झाला आणि मैलभर रस्त्याचा मध्य आमच्या शेवटच्या मेखेपासून एकोणसाठ फूट मागे होता. दोरी परत करायला गेले, घेतली नाही. फायबरची शंभर फुटी टेप, २२ डॉलर, तिने दुसऱ्या दिवशी नऊ फुटांच्या चुकीवर आलो.

पण खरी कमाई वेगळीच. मागच्या टोकाच्या माणसाला दिवसभर काय दिसतं ते कळलं. समोर साखळी सापासारखी गवतातून जाते, थांबते, ताठ होते. तुम्ही मेख उपटता, जमिनीत पेन्सिलीएवढं भोक राहतं, तुम्ही पुढे जाता. पुढच्याला नवीन मुलूख. मागचीला भोकं. हॅनाला जमीन मुकी होताना ऐकू येते ती याच भोकांतून. ही जागा घरात बसून सुचली नसती.

२६ मे

मोठी चूक. लाज वाटते, पण लिहिते.

गोष्टीचं रहस्य सहाव्या खंडात आहे. पृथ्वी गोल, त्यामुळे उत्तर-दक्षिण रेघा उत्तरेकडे जवळ येत जातात. ४१ अंशांच्या आसपास सहा मैलांच्या चौकोनाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा साधारण ४२ फूट आखूड भरते. ही तूट आणि मोजणीतल्या बाकी चुका कुठेतरी जिरवायला लागतात, म्हणून नियमच असा की सगळी तफावत उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या खंडांत ढकलायची. वायव्य कोपऱ्यातला खंड दोन्ही कडांवर, म्हणून तो कधीच नीट चौरस नसतो. माझ्या जगात जादू तिथे उरते. ज्या पट्ट्याचा हिशेब साखळीला लागत नाही, तो पट्टा अजून बोलतो.

सुंदर. फक्त मी आकडे पान वाचल्यासारखे घातले होते, डावीकडून उजवीकडे. म्हणजे वायव्येला खंड पहिला, आणि सहावा पार ईशान्येला! प्रत्यक्षात मोजणी ईशान्येपासून सुरू होते. एक ते सहा पश्चिमेकडे, मग खाली उतरून सात ते बारा पूर्वेकडे, पुन्हा उलट. नांगराचं तास धरल्यासारखं: बैल बांधाला पोचले की वळून परत. शेतकऱ्याच्या घरातली पोर असून हे दिसलं नाही.

नशीब एवढंच की खरी पद्धत लावल्यावर वायव्येचा खंड सहावाच निघतो. नाव वाचलं, बाकी सगळं गेलं. चौदा प्रसंगांत माणसं चुकीच्या दिशेला चालत होती, दोन ठिकाणी सूर्य उत्तरेला मावळत होता. शाळेसाठी राखलेला सोळावा खंडही भलतीकडे. तीन आठवडे गेले. आधी कागदावर छत्तीस चौकोन काढा, भिंतीला लावा, मग पहिलं वाक्य लिहा.

जुन्या मोजणीचे मूळ नकाशे सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, हेही मला इतक्या उशिरा कळलं. मी त्याआधी एका पुनर्मुद्रित नकाशाला ३५ डॉलर मोजले होते.

९ जून

कराडचा भाचा, वय चौदा, पहिला वाचक. त्याची टिपणं:

“मावशी, पहिल्या वीस पानांत कोणी काहीच करत नाही, फक्त मोजतात.”

“बैलगाडी एका दिवसात चाळीस मैल? आजोबा हसले.”

“काटेरी तार कधीची आहे? मी शोधली. १८७४.”

तिन्ही बरोबर. वीस पानांची सहा केली. गाडी रोज बारा ते पंधरा मैल. काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंट १८७४ चं, माझी गोष्ट सतरा वर्षं आधीची. “पर्यायी इतिहास आहे रे” असं उत्तर टाइप केलं आणि पाठवलं नाही. एक गोष्ट बदलायची परवानगी मी स्वतःला दिली आहे, जमीन मुकी होते ही. तार त्यातून निघत नाही, मग ती निव्वळ चूकच.

चौथं टिपण त्याने फोनवर दिलं. माळावर लाकूड नाही म्हणतेस, मग शेकोटी कसली? बरोबर. झाडं फक्त नदीकाठाला. माळावर लोक बायसनचं वाळलेलं शेण जाळायचे. इंग्रजी लेखनात या वस्तूविषयी केवढा संकोच असतो! मी सरळ ‘शेणी’ लिहिलं आणि हॅनाला फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायला लावल्या. मराठी वाचकाला समजावून सांगावं न लागलेला हा एकमेव तपशील.

१४ जुलै

शब्दांचा दिवस.

‘बायसन’ला ‘गवा’ म्हणून पाहिलं. लगेच दाजीपूरचं जंगल उभं राहतं. बायसनच ठेवलं. पाव खंडाला ‘चौथाई’ म्हटलं, तर भाच्याला मराठे कर वसूल करताना दिसले. ‘पाव’ बरा. मोजणी, हद्द, बांध, वहिवाट, खूण हे शब्द मात्र इतके चपखल बसले की इंग्रजीत ही कादंबरी कशी लिहिली असती कळत नाही.

न मोजलेल्या जमिनीवर माणूस त्याच त्याच जागी फिरून येतो, त्याला ‘चकवा’ म्हणायचा मोह अनावर. पण चकवा आला की मागोमाग आपली भुतं येतात, वेताळ येतो, पिंपळ येतो. प्लॅटच्या काठी पिंपळ कुठला! शेवटी तडजोड: निवेदनात ‘चकवा लागल्यासारखं’ एकदाच येतं, बोलीतलं म्हणून. पात्रं तो शब्द उच्चारत नाहीत. त्यांच्यात म्हणायची पद्धत, “जमिनीने ठेवून घेतलं.”

ऑगस्ट

काही नाही. आईचं डोळ्याचं ऑपरेशन, मी साताऱ्यात. हस्तलिखित बरोबर नेलं होतं, बॅगेतून काढलं नाही.

७ सप्टेंबर

पुन्हा बिअ‍ॅट्रिस. गवत माझ्या डोक्याच्या वर. आत चार पावलं गेले आणि नवऱ्याचा आवाज आला तो भलत्याच बाजूने. पंचवीस पावलांवर रस्ता होता, तरी छातीत धडधड. काढून टाकलेला हरवण्याचा प्रसंग सप्टेंबरात, तहाच्या आदल्या आठवड्यात, परत घातला. आता तो शेवटाकडे येतो आणि तिथेच तो हवा होता.

याच सुमारास मक्याविषयी वाचलं. पॉनी लोक नेब्रास्कातून निघाले तेव्हा आपलं मक्याचं बियाणं घेऊन गेले. तिकडच्या मातीत ते नीट रुजेना. अलीकडच्या काही वर्षांत त्यांनी जपलेले मोजके दाणे नेब्रास्कातल्या बागकाम करणाऱ्यांकडे पाठवले, आणि इथे ते पुन्हा उगवलं. हे पुस्तकात घालायला गोष्टीचा काळ जुळत नाही. पण एका म्हाताऱ्या पात्राच्या हातात आता दाण्यांची पिशवी आहे. ती हॅनाला त्यातलं काही देत नाही, दाखवतेही नाही.

२९ सप्टेंबर

खरडा दुसरा पूर्ण. ६१ हजार शब्द.

एक पात्र मारलं, म्हणजे काढून टाकलं: रत्नागिरीचा खलाशी, जो जहाजावरून पळून न्यू ऑर्लिन्समार्गे प्लॅटवर येतो. मराठी मुलांना ‘आपलं’ कुणीतरी असावं म्हणून घातला होता. तो येईल तिथे हॅना गप्प बसायची आणि तो समजावून सांगायचा. साडेपाच हजार शब्द गेले. १८५७ म्हटल्यावर आपल्याकडे काय चाललं होतं ते मराठी वाचकाला ठाऊकच आहे, त्यासाठी खलाशी कशाला.

मुकी होण्याचा क्षण सात वेळा लिहिला. पहिल्या सहांत प्रकाश, वीज, किंकाळी असं काय काय होतं. सातवा असा:

‘पुढून बाबांचा आवाज आला, “रोवली!” हॅनाने मेख उपटली. भोकात तिने रोजच्यासारखा कान लावला. सकाळपासून ज्या ज्या भोकाला कान लावला तिथे खाली कुणीतरी मका दळत असल्यासारखा बारीक घरघराट होता. इथेही होता. तिने “रोव” म्हटलं, साखळी ताठ झाली, आणि दळणारीने जणू जातं थांबवून वर पाहिलं.’

शेजारणीने जात्याला हरकत घेतली. आपल्यासारखं फिरतं जातं इथे नव्हतं, बायका मका उखळात कुटायच्या. तेव्हा आता ‘कुटत असल्यासारखा ठोका’ आणि ‘मुसळ वरच्या वर थांबलं’. ठोक्यामुळे प्रसंग उलट सुधारला. घरघर मंदावते, ठोका चुकतो.

९ नोव्हेंबर

हिशेब, कुणी विचारेल म्हणून. दोरी १४, टेप २२, नको असलेला नकाशा ३५, दोन फेऱ्या ७९, छपाईच्या प्रती ४८ डॉलर. पुण्याच्या मुद्रितशोधकांना १८ हजार रुपये, ते वेगळे आणि सर्वांत सार्थकी लागलेले. वेळ: दहा महिने, पैकी मी मोजते त्याप्रमाणे साडेचार महिने फेकलेल्या मजकुरावर.

प्रकाशकांकडे चौकशी केली. दोघांनी विचारलं, हे भाषांतर आहे का. एकाने सुचवलं की हॅनाचं नाव हर्षदा करावं.

मोजणीदारांच्या टिपणवहीत दर मैलाच्या शेवटी जमिनीचा दर्जा लिहायची रीत होती: ‘चढउताराची, दुसऱ्या प्रतीची.’ मी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हॅनाच्या हातची अशी एक ओळ टाकली होती. मुद्रितशोधकांना ती छपाईची चूक वाटली आणि त्यांनी सव्वीसच्या सव्वीस ओळी काढून टाकल्या. परत घातल्या. एक संध्याकाळ.

२ डिसेंबर

अण्णांनी छापील प्रत वाचली. आठ दिवस लावले, समासात पेन्सिलीने खुणा केल्या आणि आईकडून त्या पानांचे फोटो पाठवले. खलनायकाच्या तोंडी स्वतःचं वाक्य सापडलं तिथे फक्त एक उद्गारचिन्ह आहे. सहाव्या खंडाची आकृती त्यांनी स्वतः नव्याने काढून तिच्याखाली प्रमाण लिहिलंय.

बाकी गोष्टीविषयी अवाक्षर नाही. शेवटच्या पानामागे एवढंच:

‘पान ११२ वर मेखा दहा. पान १४० वर अकरा. दहा साखळ्या झाल्यावर एक मेख जमिनीत राहते, तिथून पुढचं मोजायचं. म्हणून अकरा लागतात. ११२ दुरुस्त कर. हॅनाला हे माहीत पाहिजे.’

दुरुस्त केलं.